नवशिक्याला जुनी गाडी कशाला? पहिली गाडी, ट्रेनिंग आणि आपला जयगडचा रस्ता



सुरुवातीलाच एक विनंती. आत्ता तुम्ही स्कूटरवर असाल आणि हेल्मेटच्या आत इअरफोन असेल, तर हा भाग इथेच थांबवा. घरी पोचा, चहा घ्या, मग ऐका. विषय गाडी चालवण्याचाच आहे, पण तो गाडी चालवताना ऐकायचा नाही.

मी बोलतोय जयगडहून. ज्यांनी आमचं गाव पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. शास्त्री नदी समुद्राला मिळते त्या तोंडावर हे गाव आहे. किल्ला आहे, दीपगृह आहे, पलीकडे तवसाळला जाणारी फेरीबोट आहे. शिवाय मोठं बंदर आणि वीज प्रकल्प आहे. म्हणजे आमच्या रस्त्यावर एकीकडे बंदराचे लोड भरलेले ट्रक आणि ट्रेलर, दुसरीकडे गणपतीपुळ्याला आलेले, रस्ता नवीन असलेले पर्यटक, आणि त्यांच्या मधे आपण. आपल्यातही कालच लायसन्स मिळालेली मुलं-मुली पुष्कळ.

"दादा, पहिली गाडी कुठली घेऊ?" हा प्रश्न मला सारखा येतो. पण आज तो घ्यायचं कारण घरचं आहे. माझ्या चुलतबहिणीला रत्नागिरीत नोकरी लागली. शिफ्ट संपते रात्री नऊला. त्या वेळेला जयगडची एसटी मिळेल याची खात्री नाही, आणि रोज कोणी आणायला जाणं जमणारं नाही. त्यामुळे गाडी घ्यायचं ठरलं. मग घरात बैठक बसली.

काका म्हणाले, "हे बघ, नवशिक्याला जुनी गाडीच बरी. चार ठिकाणी ठोकली तरी जीव हळहळत नाही. हात बसला की मग चांगली घेऊ."

हे वाक्य तुमच्याही घरात कोणीतरी म्हटलेलं असणार. ऐकायला अगदी शहाणपणाचं वाटतं. पण त्याचा अर्थ काय होतो बघा. घरात ज्याच्या हातून अपघात व्हायची शक्यता सगळ्यात जास्त, त्यालाच आपण सगळ्यात कमकुवत गाडी देतो. पत्र्याला पोचा पडेल याचा विचार केलेला असतो, आत बसलेल्या पोरीचा राहून जातो.

तर आजचं माझं म्हणणं एवढंच आहे: नवशिक्याला आपल्या बजेटमधली सगळ्यात सुरक्षित गाडी द्या, आणि गाडीच्या पैशातलेच थोडे पैसे आणि बराचसा वेळ ट्रेनिंगला ठेवा. आता हे कसं करायचं ते एकेक करून बघू.

ओरखडे कुठे काढायचे?

काकांची काळजी खोटी नाही. क्लच सोडताना गाडी उडणार, रिव्हर्स घेताना गडगा लागणार. पण ते शिकणं ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत करायचं. त्या गाडीला शिकवणाऱ्याच्या पायाखालीसुद्धा ब्रेक आणि क्लच असतो. तो असायलाच हवा, नियमच आहे तसा. आपल्या घरच्या गाडीत ती सोय नसते. म्हणजे 'ठोकायला जुनी गाडी' ही गरज स्कूलची फी भरली की तिथेच बरीचशी भागते. रोज ट्रकच्या बाजूने न्यायची गाडी हा वेगळा विषय आहे.

जुनी म्हणजे किती जुनी?

नवी कोरी गाडी सगळ्यांना परवडत नाही, मला मान्य आहे. आमच्याकडेही चार लाखांच्या आतलं बजेट होतं. सेकंडहँड घ्यायला काहीच हरकत नाही, फक्त एक तारीख लक्षात ठेवा: १ जुलै २०१९.

या तारखेपासून भारतात बनणाऱ्या कारमध्ये ड्रायव्हरसाठी एअरबॅग, सीटबेल्ट न लावल्यास वाजणारा बझर, वेग ८० च्या वर गेला की वाजणारा इशारा आणि मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले. एबीएस त्याच्या थोडं आधी, एप्रिल २०१९ पासून सगळ्या कारना लागू झालं. पुढे बसणाऱ्या प्रवाशाची एअरबॅग सक्तीची व्हायला २०२१ साल संपत आलं. म्हणजे २०२२ ची गाडी मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर जुलै २०१९ नंतरची बघा, आणि त्यात दोन एअरबॅगचं मॉडेल शोधा. टचस्क्रीन, अलॉय व्हील, सनरूफ ही यादी त्याच्या नंतर.

एअरबॅगने एवढा काय फरक पडतो? २०१४ च्या जानेवारीत ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतातल्या लोकप्रिय छोट्या गाड्यांची धडक चाचणी जाहीर केली. ताशी ६४ किलोमीटर वेग. अल्टो ८००, नॅनो, आय-टेन, फिगो आणि पोलो, या पाचही गाड्यांच्या एअरबॅग नसलेल्या मॉडेलला मोठ्या माणसाच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. मग तीच पोलो दोन एअरबॅग लावून तपासली, तेव्हा चार तारे मिळाले. गाडी तीच, सांगाडाही तोच.

पण यात अजून एक गोष्ट आहे. पाचांपैकी फिगो आणि पोलोचा सांगाडा धडकेत टिकला होता. बाकी तिघींचा टिकला नाही. सांगाडाच चेपला तर नुसती एअरबॅग पुरी पडत नाही. म्हणून एअरबॅग किती ते विचाराच, पण तारेही बघा. २०१८ च्या डिसेंबरमध्ये टाटा नेक्सॉनला पाच तारे मिळाले, भारतात बनलेल्या गाडीला पहिल्यांदाच. ऑक्टोबर २०२३ पासून आपली स्वतःची भारत एनकॅप चाचणी सुरू झाली. गाडीचं नाव आणि साल टाकून मोबाइलवर शोधा, पाच मिनिटांचं काम आहे. फक्त तारे कुठल्या वर्षीच्या आणि किती एअरबॅगच्या मॉडेलला मिळालेत ते नीट वाचा. नव्या मॉडेलचे तारे जुन्या मॉडेलला लागू होत नाहीत, आणि विकणारा ते स्वतःहून सांगत नाही.

आणि इंजिन? नवशिक्याला जोरदार पिकअपची गाडी नको. साधं इंजिन, बाहेरचं नीट दिसणाऱ्या काचा, पाय व्यवस्थित पोचेल अशी सीट. बहीण उंचीने कमी आहे, म्हणून आम्ही प्रत्येक गाडीत तिलाच बसवून बघितलं. क्लच पूर्ण दाबताना पाठ सीटला टेकलेली राहते का? बॉनेटच्या पुढचा रस्ता दिसतो का? एक गाडी काकांना फार आवडली होती, ती आम्ही एवढ्यावरूनच सोडली.

कोकणात सेकंडहँड घेताना

आपल्याकडे दोन गोष्टी जास्त तपासाव्या लागतात.

पहिली, गंज. खाऱ्या हवेत उभी राहिलेली गाडी वरून चकचकीत असते आणि खालून खाल्लेली असते. गाडी रॅम्पवर किंवा पिटवर घ्यायला लावा. दरवाजांच्या खालच्या कडा, चाकांच्या वरचा भाग, चॅसिस आणि सीटबेल्ट जिथे बोल्टने बसवलेला असतो ती जागा टॉर्च मारून बघा. सांगाडा गंजलेला असेल तर त्या गाडीचे तारे कागदावरच राहिले म्हणायचे.

दुसरी, पुरात बुडालेली गाडी. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. किती गाड्या पाण्याखाली होत्या! अशी गाडी साफसूफ होऊन बाजारात येऊ शकते. तपासायचं सोपं आहे. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा आणि आतल्या टोकाला चिखलाचा डाग आहे का बघा. कार्पेट उचला, सीटच्या रुळांवर गंज बघा, काचा बंद करून वास घ्या. वायरिंगमध्ये पाणी गेलेलं असेल तर एअरबॅग आणि एबीएस ऐनवेळी चालतील याचा भरवसा नाही.

मग चावी फिरवा. एअरबॅगचा आणि एबीएसचा दिवा आधी लागला पाहिजे आणि थोड्या वेळात विझला पाहिजे. विझला नाही तर बिघाड आहे. लागलाच नाही, तर कोणीतरी तो दिवाच बंद केलाय अशी शंका घ्या.

शेवटी टायर. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २३२१ असेल तर २०२१ सालातला तेविसावा आठवडा. नक्षीची खोली कायद्याने निदान १.६ मिलिमीटर लागते, पण आपल्या पावसात एवढ्यावर राहू नका, ३ मिलिमीटरच्या खाली गेली की बदला. आम्ही गाडी घेतल्यावर चारही टायर बदलले. सीट कव्हरचा विषय पुढच्या वर्षावर गेला.

बाइक किंवा स्कूटर घेणार असाल तर

१२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस आणि त्याखालच्यांना सीबीएस म्हणजे दोन्ही चाकांना एकत्र लागणारा ब्रेक, हे २०१९ च्या एप्रिलपासून सगळ्या नव्या दुचाकींना लागू आहे. जुनी घेताना हेच साल बघा. दोन्ही पाय जमिनीला नीट टेकले पाहिजेत. आणि आयएसआय मार्कचं, मापाचं हेल्मेट गाडीच्या किमतीतच धरा. पट्टा न लावलेलं हेल्मेट पडताना डोक्यावर राहत नाही.

ज्यांना अजून अठरा पूर्ण नाहीत त्यांच्यासाठी. 'गावातल्या गावात चालतं' हे कायद्याला चालत नाही. २०१९ च्या दुरुस्तीत मोटार वाहन कायद्यात कलम १९९अ आलं. अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. १९ मे २०२४ ला पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या हातातल्या पोर्शेने दोन तरुण इंजिनिअर गेले. ती गाडी महागडी होती, दणकट होती. चालवणाऱ्याकडे लायसन्सही नव्हतं.

लायसन्स मिळालं म्हणजे झालं का?

लर्निंग लायसन्स सहा महिने चालतं, आणि तीस दिवसांनी पक्क्या लायसन्सची टेस्ट देता येते. या काळात पुढे-मागे पांढऱ्यावर लाल 'एल' हवा, आणि शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस हवा. एकट्याने न्यायची नाही. तसं नेलं आणि काही झालं, तर विम्याचे पैसेसुद्धा अडकू शकतात.

ड्रायव्हिंग स्कूलने निदान २१ दिवस शिकवावं आणि त्यात निदान १० तास प्रत्यक्ष गाडी चालवायला द्यावी, असं नियम सांगतो. सरकारमान्य ट्रेनिंग सेंटरचा कारचा कोर्स २९ तासांचा असतो. आता ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये बघा. तिथे पंचविशीच्या आतल्या शिकाऊ मुलाला टेस्टच्या आधी १२० तास वहीत नोंदवावे लागतात, त्यातले २० रात्रीचे. आपले दहा आणि त्यांचे एकशे वीस! आपला रस्ता त्यांच्यापेक्षा सोपा आहे का? गुरं, साइडपट्टी खचलेली, आंधळी वळणं आणि चार महिने पाऊस.

म्हणून आम्ही वही केली. स्कूलचे तास सोडून घरचे साठ तास ठरवले. तारीख, रस्ता, हवामान, वेळ आणि काय चुकलं, एवढंच लिहायचं. टप्पे असे:

सुरुवातीला सड्यावरची मोकळी जागा आणि गावातले रस्ते. रिव्हर्स, पार्किंग आणि चढावर हँडब्रेक लावून गाडी उचलणं. जेट्टीच्या उतारावर पुढे-मागे गाड्या असताना गाडी मागे न सरकता निघाली पाहिजे.

मग सकाळी लवकर खंडाळा, वरवडे, मालगुंड. वळणं आहेत, पण त्या वेळेला वर्दळ कमी.

त्यानंतर चाफे, जाकादेवी करत निवळी फाट्यापर्यंत. हा ट्रकचा रस्ता. त्याच्या आदल्या दिवशी तिला ओळखीच्या ड्रायव्हरच्या उभ्या ट्रकमध्ये केबिनमध्ये बसवलं आणि मी आमची गाडी ट्रकच्या डाव्या बाजूला नेऊन उभी केली. ती वरून ओरडली, "दादा, तू दिसतच नाहीस!" लांब ट्रेलर डावीकडे वळताना त्याच्या बाजूला शिरायचं नाही हे तिला नंतर सांगावं लागलं नाही.

मग रत्नागिरी शहर, मारुती मंदिरचा सर्कल, गर्दीच्या वेळेला. आणि सगळ्यात शेवटी रात्र आणि पाऊस, कारण तिचा खरा प्रवास तोच आहे.

पावसाबद्दल दोन आकडे सांगतो. ताशी ६० ला गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. ब्रेक मारायचं डोक्यात येऊन पाय दाबेपर्यंत साधारण एक सेकंद जातो, म्हणजे १७ मीटर फुकट. त्यानंतर ब्रेक लागायला सुरुवात. आणि वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतर थांबायचं अंतर दुप्पट नाही, जवळजवळ चौपट होतं. म्हणून कोरड्या रस्त्यावर पुढच्या गाडीपासून दोन सेकंद, पावसात चार सेकंद. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी गेली की मोजायला लागायचं.

पहिल्या पावसात तांबडी माती रस्त्यावर वाहून आलेली असते, तिथे वळणाच्या आधीच वेग कमी करायचा, वळणात ब्रेक नाही. उतारावर गाडी न्यूट्रल करायची नाही, खालच्या गिअरवर उतरवायची, नाहीतर ब्रेक तापून सुटतात. अरुंद चढावर समोरून चढत येणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं. आणि एबीएस लागलं की ब्रेकच्या पेडलखाली थरथर जाणवते. नवशिके घाबरून पाय उचलतात. उचलायचा नाही, दाबून ठेवायचा आणि स्टिअरिंग फिरवायचं. हे आम्ही सड्यावर, मागेपुढे कोणी नाही हे बघून, कमी वेगात मुद्दाम करून घेतलं.

शेजारी कोण बसणार?

हा फार महत्त्वाचा मुद्दा. काका पहिल्या दिवशी शेजारी बसले आणि "ब्रेक! ब्रेक! अगो ब्रेक!" एवढंच चालू. पोरगी घामाघूम. दुसऱ्या दिवसापासून काका घरी. शेजारच्याचं काम पुढचं आधी सांगणं आहे: "पुढे डावं वळण आहे, तिसऱ्यावर घे." चुकलं तर चालू गाडीत बोलायचं नाही, गाडी बाजूला लावून बोलायचं.

लायसन्स मिळाल्यावरचे पहिले महिनेही जपायचे. न्यूझीलंडने १९८७ मध्ये टप्प्याटप्प्याने लायसन्स द्यायची पद्धत आणली. तिथे नव्या ड्रायव्हरला एकट्याने रात्री दहा ते पहाटे पाच गाडी चालवता येत नाही आणि मित्रमंडळी भरता येत नाहीत. आपल्याकडे असा कायदा नाही, पण घराचा नियम करता येतो. आमचा असा आहे: पहिले सहा महिने दोस्तांना घेऊन आरे-वारे नाही, शिमग्याला आणि गणपतीत चाकरमान्यांच्या गर्दीत रात्रीची गाडी नाही, आणि मोबाइल सायलेंट करून डॅशबोर्डच्या कप्प्यात.

आणि पट्टा सगळ्यांनी, मागच्यांनीसुद्धा. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघरजवळ चारोटीला सायरस मिस्त्रींची मर्सिडीज पुलाच्या कठड्याला धडकली. पुढचे दोघे जखमी झाले पण वाचले, मागचे दोघे गेले. मागच्या दोघांनी पट्टे लावले नव्हते असं पोलिसांनी सांगितलं होतं. त्याच एका वर्षात देशभरात पट्टा न लावलेले १६,७१५ लोक अपघातात गेले, आणि त्यातले जवळपास निम्मे ड्रायव्हर नव्हते, प्रवासी होते.

आता आमचं कुठवर आलंय? वहीत एकेचाळीस तास झालेत. त्यातले रात्रीचे सहा, भर पावसातले नऊ. साठ पूर्ण होईपर्यंत मी रोज रात्री तिच्यासोबत येतोय, ती चालवते आणि मी शेजारी बसतो. काका अजून म्हणतात की जुनी घेतली असती तर दीड लाख वाचले असते. वाचले असते, हे खरंच आहे. पण गेल्या आठवड्यात त्यांनीच तिला विचारलं, "टायरमधली हवा बघितलीस का गो?"

तुमच्या घरात अशी बैठक बसणार असेल तर हा भाग काका-मामांना ऐकवा, किंवा लिंक पाठवा, ते वाचतील. गाडी बघून आलात आणि काही शंका असेल तर व्हॉइस नोट पाठवा. गाडीचं साल, मॉडेल, एअरबॅग किती, आणि रोजचा रस्ता कुठला ते नक्की सांगा. रस्ता कळल्याशिवाय मला गाडी सांगता येत नाही.

भेटू पुढच्या भागात. सांभाळून जा.